सील बदलले तरी रोलवर लाल पट्टे? आधी निगेटिव्ह वाचा

जुना फिल्म कॅमेरा वापरणाऱ्यांची एक तक्रार कायम परत येते. फोटोंवर नारिंगी-लाल पट्टा किंवा पांढरट धुकं दिसतं. कोणीतरी सांगतं, सील (मागच्या दाराच्या खाचांतून प्रकाश शिरू नये म्हणून बसवलेल्या फोमच्या पट्ट्या) गेलेत. फोमच्या पट्ट्या मागवून सील बदलले जातात, पुढचा एखादा रोल बरा येतो आणि मग तोच पट्टा पुन्हा हजर होतो. रंगीत रोल, तो धुणं आणि स्कॅन धरून आज हजाराच्या वर खर्च होतो. असे दोन-तीन रोल वाया गेले की कॅमेरा परत कपाटात जातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यातले बहुतेक कॅमेरे आतून धडधाकट असतात आणि दोष जेमतेम दोन मिलिमीटरच्या फटीत असतो.

पट्टा परत येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: निदान स्कॅनवरून झालेलं असतं. स्कॅन करताना लॅब फोटोची चौकट कापून घेते. बाजूची भोकांची पट्टी, दोन फोटोंमधली मोकळी जागा, रोलचं सुरुवातीचं टोक, यातलं काहीही स्कॅनमध्ये येत नाही. आणि प्रकाश कुठून शिरला याचा पुरावा नेमका तिथे असतो. म्हणून फोम मागवण्याआधी लॅबकडून निगेटिव्ह परत घ्या. अनेक लॅब आता फक्त स्कॅन पाठवतात आणि निगेटिव्ह मागितल्याशिवाय देत नाहीत, तर रोल देतानाच सांगून ठेवा. जमलं तर न कापता गुंडाळून मागा. मोबाईलच्या स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडलं, ब्राइटनेस पूर्ण केला आणि पट्टी त्याच्या किंचित वर धरली की झालं तुमचं लाइट टेबल.

पहिला प्रश्न: डाग चौकटीच्या आत थांबतो की बाहेर जातो?

निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, त्यामुळे फोटोतला उजळ पट्टा इथे गडद दिसेल. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर फोटोची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. वर-खाली साधारण साडेपाच मिलिमीटरची कड उरते, तिच्यात भोकं असतात. एका फोटोपासून पुढच्या फोटोपर्यंत आठ भोकं, म्हणजे ३८ मिलिमीटर. त्यामुळे दोन चौकटींमध्ये जवळपास दोन मिलिमीटरची कोरी फट राहते.

डाग त्या कडेवर, भोकांमध्ये किंवा दोन चौकटींमधल्या फटीवर पसरला असेल, तर प्रकाश लेन्समधून आलेला नाही. लेन्स आणि शटरमधून येणारा प्रकाश फक्त चौकटीएवढ्या खिडकीतून फिल्मवर पडतो. त्या खिडकीबाहेरची फिल्म धातूच्या आड असते. म्हणजे दोष मागच्या दारात, बिजागरीत, दाराच्या खिडकीत किंवा खुद्द रोलच्या डबीत आहे.

उलट, डाग चौकटीच्या रेषेवर सुरीने कापल्यासारखा थांबत असेल आणि कड पूर्ण स्वच्छ असेल, तर मागच्या दाराचे सील हजार वेळा बदलून काही होणार नाही. तिथे संशय शटरच्या पडद्यावर, आरशाच्या भागावर किंवा लेन्सवर. परत परत येणाऱ्या तक्रारींतल्या कितीतरी अशा असतात: सील खरंच खराब होते, ते बदललेही गेले, पण पट्टा त्यांच्यामुळे येतच नव्हता.

दिशा: फोटोची डावी बाजू म्हणजे बिजागरी

लेन्स प्रतिमा वर-खाली आणि डावी-उजवी दोन्ही उलटी करते. कॅमेरा आडवा धरून काढलेल्या फोटोत डाग वरच्या बाजूला असेल, तर प्रकाश कॅमेऱ्याच्या खालच्या खाचेतून आला आहे. फोटोत खाली असेल तर वरच्या खाचेतून. हे माहीत नसल्याने कित्येकजण नको त्या खाचेला नवा फोम लावून मोकळे होतात.

डाव्या-उजव्याचंही तसंच. बहुतेक ३५ मिलिमीटरच्या एसएलआरमध्ये (आतल्या आरशामुळे लेन्समधलंच दृश्य डोळ्याला दाखवणारे कॅमेरे) कॅमेरा मागून पाहिला की रोलची डबी डावीकडे आणि दाराची बिजागरी उजवीकडे असते. प्रतिमा उलटी पडत असल्याने बिजागरीकडून येणारा प्रकाश फोटोच्या डाव्या कडेला दिसतो आणि कुलपाकडून किंवा डबीकडून येणारा उजव्या कडेला. उभे फोटो असतील तर तेवढं मनात फिरवून घ्या.

बिजागरीच्या बाबतीत अजून एक गुंता आहे. तिच्यालगत असते गुंडाळणारी चकती, म्हणजे तिथे आधीच काढून झालेले फोटो असतात. त्यामुळे बिजागरीतून शिरलेला प्रकाश पुष्कळदा आत्ताच्या फोटोवर न पडता मागच्या एक-दोन फोटोंवर पडतो. समजा तुम्ही दुपारी गडावर दहा फोटो काढले आणि अकराव्यासाठी फिल्म ओढून तासभर कॅमेरा गळ्यात उन्हात ठेवला. डाग नवव्या किंवा दहाव्यावर येईल आणि तुम्ही विचारात पडाल, की दहावा तर सावलीत काढला होता. फोटो कुठे काढला याला इथे महत्त्व नाही. फिल्म हलवली नव्हती तेव्हा कॅमेरा कुठे होता, ते आठवा.

तोच डाग ठरावीक अंतराने, हळूहळू फिका होत पुनःपुन्हा दिसत असेल, तर प्रकाश गुंडाळलेल्या फिल्मच्या एकावर एक थरांतून झिरपला आहे. वरच्या थराच्या भोकांची सावली खालच्या थरावर उमटलेली असेल तर शंकाच नको.

रंग काय सांगतो

रंगीत निगेटिव्ह फिल्ममध्ये प्रकाशाला संवेदनशील थर एका ठरावीक क्रमाने असतात. लेन्सच्या बाजूला सर्वांत वर निळ्याला संवेदनशील थर, त्याच्याखाली एक पिवळा गाळणीचा थर, मग हिरव्याचा, मग लाल प्रकाशाचा आणि त्याच्याखाली पारदर्शक बेस. मागच्या दारातून आलेला प्रकाश उलट्या बाजूने, बेसमधून शिरतो. त्याला सर्वांत आधी लाल प्रकाशाचा थर भेटतो, म्हणून थोडा प्रकाश शिरला की फोटोत लाल पट्टा. जास्त शिरला की हिरव्याचा थरही जळतो आणि पट्टा नारिंगी, मग पिवळा होतो. निळ्या थरापर्यंत पोचायला वाटेत ती पिवळी गाळणी असते, त्यामुळे पांढरा डाग पडायला फार प्रकाश लागतो. मधोमध पांढरा, भोवती पिवळा, कडेला लाल असा पट्टा दिसला की तो मागून आलेला, एवढं पक्कं.

समोरून, म्हणजे शटरच्या पडद्यातल्या भोकातून वगैरे आलेला प्रकाश पांढरट किंवा समोरच्या दृश्याच्या रंगाचा असतो. एक अपवाद लक्षात ठेवा: काही कॅमेऱ्यांची चकती फिल्म उलटी, म्हणजे रसायनाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळते. तिथे बिजागरीतून आलेला प्रकाशही लाल न दिसता पांढरट दिसू शकतो. म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका. रंग आणि कड दोन्ही एकत्र वाचा. कृष्णधवल रोलवर तर रंगाची सोयच नाही, तिथे सगळी भिस्त कडेवर.

जे लाइट लीक (प्रकाशाची गळती) नाही, पण तसं दिसतं

फक्त पहिल्या दोन-तीन फोटोंवर धुकं असेल तर रोल उन्हात भरला गेला आहे. सावलीत, अंगाची आड करून भरा. पॉलिएस्टर बेसच्या फिल्मना हे जास्त बाधतं, कारण बाहेर असलेल्या टोकातून प्रकाश बेसच्या जाडीतून आडवा वाहत डबीच्या आत जातो.

शटरचा कापडी पडदा आडवा सरकणाऱ्या कॅमेऱ्यात एका कडेला बारीक उजळ उभी पट्टी, ती चौकटीच्या आतच, आणि जलद शटरला जास्त: हा पडदा शेवटी आपटून थोडा मागे उसळल्याचा परिणाम. याउलट एक बाजू काळी पडत असेल तर दोन पडद्यांचा वेग जुळत नाही. दोन्हीला यंत्र उघडून तेलपाणी आणि ताण जुळवणं हाच इलाज.

प्रत्येक भोकापासून आत येणाऱ्या समान अंतरावरच्या रेघा, आख्ख्या रोलभर: घरी धुताना टाकी जोरात हलवली की होतं. पूर्ण रोल करडा, काळा रंग मातकट: जुनाट फिल्म किंवा विमानतळावरचं स्कॅनिंग. हातसामानासाठी येत असलेली नवीन सीटी स्कॅनर यंत्रं जुन्या एक्स-रे यंत्रांपेक्षा फिल्मला खूप घातक आहेत. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा.

आणि आपल्याकडे हल्ली फार दिसणारी गोष्ट: सिनेमाची फिल्म मोठ्या रिळातून कापून पुन्हा पुन्हा वापरलेल्या डब्यांत भरून विकतात. स्वस्त पडते, रंगही सुंदर येतात, मीसुद्धा आवडीने वापरतो. पण डबीच्या तोंडाशी असलेली मखमल झिजली की प्रकाश तिथूनच शिरतो. ओळखायची सोपी खूण अशी: डाग कॅमेऱ्यासोबत न जाता डबीसोबत जातो. त्याच कॅमेऱ्यात कंपनीची बंद डबी घालून स्वच्छ रोल आला, तर कॅमेऱ्याला हातही लावू नका.

सील का कुजतात

आता समजा पुराव्यावरून दोष मागच्या दाराचाच निघाला. जपानी कॅमेऱ्यांत १९६०च्या दशकापासून दाराच्या खाचांत पॉलियुरेथेन फोम भरायला सुरुवात झाली. १९७६ मध्ये आलेले कॅनन एई-१ आणि पेंटॅक्स के१०००, त्यांच्या आगेमागे आलेले याशिका, मिनोल्टा, ऑलिंपस, सगळ्यांत तोच. हा फोम हवेतल्या ओलाव्याने विघटित होतो. कॅमेरा वापरा किंवा डब्यात ठेवा, तो कुजतोच. फक्त मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत लवकर. आधी भुगा होतो, मग डांबरासारखा चिकट लगदा. चोर बाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेल्या एसएलआरमध्ये मूळ फोम असेल तर तो गेलेला आहे असंच धरून चाला.

ऑलिंपस ओएम-१च्या मालकांसाठी एक सूचना. त्याच्या पेंटाप्रिझमभोवती, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य सरळ दाखवणाऱ्या काचेच्या लोलकाभोवती, असाच फोम आहे आणि तो कुजला की प्रिझमवरचा आरशाचा मुलामा खातो. व्ह्यूफाइंडरमध्ये खालून काळपट डाग चढताना दिसला तर दाराचे सील बदलून थांबू नका, वरचं झाकण उघडून तो फोम काढून घ्या. प्रिझम एकदा गेलं की ते मिळवणं जिकिरीचं.

जुन्या सोव्हिएत झेनिटसारख्या कॅमेऱ्यांत खोल खाचा आणि काळा दोरा असा प्रकार असतो. त्यांना फोमची गरजच नाही. जाड फोम कोंबला तर दार नीट बसत नाही आणि नवी गळती तयार होते.

बदलताना कुठे चुकतं

सर्वांत मोठी चूक म्हणजे जुना लगदा पूर्ण न काढता त्यावर नवी पट्टी चिकटवणं. दोन महिन्यांत उन्हाळा आला की खालचा चिकटा मऊ होतो, पट्टी सरकते आणि डाग परत. "सील बदलले तरी आलं" या तक्रारीमागे हे कारण मी फार वेळा पाहिलं आहे.

सफाईसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे सहज मिळतं. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं. ॲसिटोन तर नकोच, रंग आणि प्लास्टिक दोन्ही विरघळतं. बांबूच्या टूथपिकचं टोक तासून चपटं करा, त्याने लगदा खरवडा, मग कापसाच्या काडीने पुसा. काडी स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका. वेळ लागतो, लागू द्या.

हे करताना कॅमेरा असा धरा की उघडी बाजू खाली राहील आणि भुगा बाहेर पडेल. शटरच्या पडद्यावर कागदाचा तुकडा हलकेच आडवा ठेवा, पण पडद्याला बोट लावू नका. धातूची पाती असलेलं शटर असेल तर दुप्पट काळजी. एक पातं वाकलं की कॅमेरा गेला. दाबाच्या हवेचा डबा वापरू नका, रबरी फुंकणी पुरे.

नव्या पट्टीसाठी चिकट पाठ असलेला काळा, बंद छिद्रांचा फोम घ्या. वर-खालच्या लांब खाचांना साधारण दीड मिलिमीटर जाडीचा चालतो, बिजागरीला त्याहून जाड, दोन-अडीचचा. पण तुमच्या कॅमेऱ्याची खाच स्वतः मोजा. खाच फार अरुंद असेल तर काळा जाड सुती दोरा उत्तम काम करतो. लोकर टाळा, तिचे तंतू सुटून फिल्मवर बसतात. काळं फेल्टही बिजागरीला चांगलं बसतं. तयार किटमध्ये तुमच्या मॉडेलच्या मापाच्या पट्ट्या येतात, पहिल्यांदा करणाऱ्याने तेच घ्यावं.

नवं पातं आणि स्टीलची पट्टी वापरून कापा. चिकटवण्याआधी चिकट बाजू ओल्या बोटाने किंचित ओलसर करा, म्हणजे पट्टी लगेच धरत नाही आणि चिमट्याने सरकवून जागेवर बसवता येते. पाणी वाळलं की गोंद आपोआप पकडतो. पट्टी ताणू नका. ताणलेली पट्टी नंतर आखडते आणि कोपऱ्यात फट उघडते. कोपरे हीच तर गळतीची लाडकी जागा. सगळं बसलं की दार लावून रात्रभर ठेवा. सकाळी दार नेहमीच्याच जोराने बंद होत असेल तर जाडी बरोबर. दाबून लावावं लागत असेल तर काढा आणि पातळ लावा.

लोक विसरतात अशा दोन जागा: एक कुलपाकडची छोटी उभी बाजू, आणि दुसरी दारावरची रोलचं नाव दिसणारी खिडकी. १९८०-९०च्या दशकांतल्या छोट्या ऑटोमॅटिक कॅमेऱ्यांत त्या खिडकीभोवतीचा फोमच पहिला जातो. फोटोच्या उजव्या बाजूला डाग, तोही अजून न वापरलेल्या फिल्मवर पडलेला, हे तिचं लक्षण. खिडकीवर बाहेरून काळी टेप लावून एक रोल काढा. डाग थांबला तर गुन्हेगार सापडला. टेप फक्त चाचणीपुरती. आपल्या उन्हात विजेच्या कामाच्या टेपचा गोंद वितळून सगळीकडे पसरतो.

आरशाच्या वर समोरच्या कडेला असलेली फोमची पट्टीही याच वेळी बदला. ती आरशाचा धक्का झेलते, आणि आरसा वर असताना व्ह्यूफाइंडरमधून शिरणारा प्रकाश अडवते. लांब एक्स्पोजरच्या फोटोंवरच धुकं येत असेल तर संशय इथे घ्या, आणि तोवर व्ह्यूफाइंडरची डोळा लावायची काच हाताने झाकत चला. तिचा भुगा आरशावर पडला तर फक्त फुंकणीने उडवा. या आरशाचा मुलामा समोरच्या पृष्ठभागावर असतो, कापड लावलं की ओरखडा कायमचा.

दार पक्कं, तरी डाग

इतकं करूनही कडेवर डाग येत असेल तर दाराची कड वाकली आहे का ते बघा. कधीकाळी कॅमेरा पडलेला असतो आणि दार कोपऱ्यात अर्धा मिलिमीटर उचललेलं असतं. टेबलाच्या पातळीवर डोळा नेऊन, दिव्यासमोर फट पाहिली की कळतं.

तळाची बाजूही तपासा. मोटरड्राइव्ह (मोटरने फिल्म ओढणारं जोडयंत्र) लावायच्या काही जोडांवर छोटी टोपणं असतात आणि जुन्या कॅमेऱ्यांत ती हरवलेली असतात. निकॉन एफ३ हे ठळक उदाहरण: त्याच्या तळाला मोटरने फिल्म मागे गुंडाळण्यासाठीचं भोक आहे. मोटर काढल्यावर त्यावर टोपण नसेल तर प्रकाश थेट रोलच्या कप्प्यात. तिथे सील कितीही नवे असोत, उपयोग शून्य.

चौकटीच्या आत राहणाऱ्या पांढरट ठिपक्यांसाठी पडदा तपासायचा. कापडी पडद्याला सूक्ष्म भोकं पडतात, विशेषतः आरसा नसलेल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत, जिथे उघडी लेन्स सूर्याकडे राहिली तर भिंगाने कागद जळावा तसा पडदा जळतो. रोल नसताना अंधाऱ्या खोलीत मागचं दार उघडा, लेन्स काढून समोरून टॉर्च मारा आणि मागून पाहा. एसएलआर असेल तर आरसा वर अडकवायची सोय आहे का ते बघा, नाहीतर आरसाच प्रकाश अडवेल. ही तपासणी शटर भरून (फिल्म ओढायचा खटका फिरवून) एकदा आणि सोडून एकदा करा. पडदे दोन असतात आणि एका वेळी एकच समोर असतो. अर्धी तपासणी करून "पडदा ठीक आहे" म्हणणं हेही डाग परत येण्याचं एक नेहमीचं कारण आहे. एखाददुसरं बारीक भोक काळ्या लवचीक रबरी रंगाच्या अगदी पातळ थराने बुजतं. जास्त लावला तर पडदा जड होऊन वेग बिघडतो. भोकं पुष्कळ असतील तर पडदा बदलणाऱ्या कारागिराकडे द्या. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजार परिसरात अशी जाणती माणसं अजून आहेत. जाताना कॅमेऱ्यासोबत डाग पडलेली निगेटिव्हही न्या. ती पाहिल्यावर त्यांना पुढचं फारसं सांगावं लागत नाही.

खात्रीचा रोल

दुरुस्तीनंतर थेट लग्नाला किंवा सहलीला नेऊ नका. एक स्वस्त कृष्णधवल रोल याच कामासाठी घाला. काही फोटो नेहमीसारखे काढा. मग लेन्सवर टोपण लावा, दोन-तीन कोऱ्या फ्रेम सोडा आणि कॅमेऱ्याची बिजागरीची बाजू दुपारच्या उन्हात पाच मिनिटं धरा. आकडा लिहून ठेवा. पुन्हा दोन-तीन कोऱ्या फ्रेम, मग कुलपाची बाजू. तसंच वरची, खालची, मागची. टोपण लावलेलं असल्यामुळे हा सगळा भाग धुतल्यावर निखळ कोरा यायला हवा. जिथे काळं दिसेल तिथला आकडा वहीत शोधा आणि बिजागरीच्या बाबतीत एक-दोन फ्रेम मागेपुढे धरा. घरी धुता येत असेल तर फारच छान, संध्याकाळपर्यंत उत्तर हातात.

दिव्याची चाचणीही लोक करतात: छोटा एलईडी आत ठेवून दार लावायचं आणि अंधारात फटींतून उजेड दिसतो का पाहायचं. दिसला तर गळती नक्की. पण नाही दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. पाच मिनिटांच्या उन्हाला जी वाट सापडते ती एलईडीला सापडेलच असं नाही.

१२० च्या (कागदासोबत गुंडाळलेल्या रुंद फिल्मच्या) कॅमेऱ्यांचं वेगळं

घडीच्या कॅमेऱ्यांत, आगफा आयसोलेटमध्ये तर हमखास, भात्याच्या (लेन्स आणि फिल्ममधल्या घड्यांच्या काळ्या आवरणाच्या) कोपऱ्यांना भोकं पडतात. अंधारात भात्याच्या आत टॉर्च घालून भाता हळूहळू ताणला की ताऱ्यांसारखी चमकतात. डाग चौकटीच्या आत, पांढरट, आणि भाता जितका वेळ उघडा राहिला तितका ठळक. काळा लवचीक रंग आतून पातळ लावून वर्ष-दोन वर्षं निघतात, पण खरा उपाय नवा भाता.

आपल्याकडच्या घराघरांत असलेल्या आगफा क्लिक ३ सारख्या साध्या कॅमेऱ्यांत मागे फ्रेमचा आकडा बघायची लाल खिडकी असते. ती आली तेव्हाच्या पुष्कळ फिल्म लाल प्रकाशाला आंधळ्या किंवा आजच्यापेक्षा बऱ्याच मंद होत्या. आजची ४०० आयएसओची पँक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाशही पकडते. खिडकीवर काळ्या कापडाची पट्टी लावा, आकडा बघायचा तेव्हा सावलीत क्षणभर उचला आणि पुन्हा झाका. शिवाय रोल काढून झाल्यावर कागदाची शेवटची चिकटपट्टी घट्ट ओढून लावा. रोल सैल गुंडाळला गेला की दोन्ही कडांनी प्रकाश आत चढतो आणि कॅमेरा निर्दोष असताना त्याच्यावर आळ येतो.